उदगीरचा इंटरनॅशनल लुक

तुमच्या ऑफिसात सध्या कुणीतरी एक जण नक्की घर लावतोय. लंच टाइमला त्याच्या मोबाईलवरचे फोटो टेबलभर फिरतात. हॉलला ‘स्कँडिनेव्हियन’, बेडरूमला ‘मोरोक्कन’, बाथरूमला ‘बालीनीज’ आणि बाल्कनी? ती अजून ठरायचीय, पण बहुतेक ‘टस्कन’! साडेसातशे स्क्वेअर फुटांत एवढा मोठा ग्लोब मावतो कसा, हे विचारायचं नसतं. हप्ते तो भरतोय.

हे सगळं पुण्या-मुंबईचं खूळ आहे असं वाटत असेल, तर एकदा उदगीरला जाऊन या. लातूर जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या सीमेला अगदी खेटून असलेलं हे तालुक्याचं गाव. २०२२ साली पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं तेव्हा पेपरात नाव वाचलं असेल. त्याआधी शाळेत, इतिहासाच्या पुस्तकात, ‘उदगीरची लढाई’ म्हणून पाठ केलं असेल. मला जायचं कारण अगदीच घरगुती होतं. मावशीच्या सासरचा जुना वाडा यंदा पाडायचा ठरलाय. निम्मा आधीच गेलाय, उरलेल्या निम्म्याचा निकाल या उन्हाळ्यात. मावसभावाचं लग्न दिवाळीनंतर आहे आणि त्याला नवीन हॉल ‘युरोपियन क्लासिक’ हवाय. ‘तू पुण्यात राहतीस, तुला कळतं, ये आणि जरा बघून जा,’ असा फोन आला. म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी मला आपापल्या बाजूची साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

पॅरिसचं प्लास्टर, उदगीरचा हॉल

पीओपीवाल्याचा अल्बम बघण्यासारखा होता. पूर्वी कॅटलॉग असायचे, आता टॅब. त्यात छताचे एकशेवीस प्रकार. गोल, दुहेरी गोल, मध्ये कमळ, कमळाच्या आत निळी एलईडी. भिंतीला रोमन खांब, वर पानापानांचं डोकं, दोन खांबांच्या मध्ये टीव्ही. ‘हे टर्किश आहे, हे लंडन आहे, आणि हे हैदराबादला एका आमदाराच्या बंगल्यात केलंय,’ असं तो बोटाने सरकवत सांगत होता. गंमत म्हणजे ज्या मालातून हे सगळं घडतं त्याच्या नावातच परदेश आहे. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, तिथल्या जिप्समपासून उत्तम प्लास्टर व्हायचं, म्हणून ते प्लास्टर ऑफ पॅरिस. आपण त्याचे गणपतीही केले आणि छतंही!

आता हे जे कंगोरे, पट्ट्या, गोलवे असतात, त्यांचा फंडा काय आहे ते आधी सांगते. कारण ते एकदा कळलं की कुठलाही कॅटलॉग तुम्हाला गंडवू शकत नाही. ही सगळी नक्षी मुळात झाकपाक आहे. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे हमखास तडा जातो, तो झाकायला वरचा कंगोरा. दाराची चौकट आणि गिलावा यांच्यात फट राहते, ती झाकायला चौकटीभोवतीची पट्टी. फरशी पुसताना भिंतीचा खालचा भाग खराब होतो, म्हणून स्कर्टिंग. युरोपातल्या जुन्या घरांत भिंतीला साधारण कमरेच्या उंचीवर एक आडवी पट्टी दिसते, ती खुर्चीची पाठ घासून भिंत खरवडू नये म्हणून. काम आधी आलं, शोभा नंतर. सिनेमात आपण शोभा बघितली आणि तेवढीच उचलून आणली. म्हणून तर खुर्च्या नसलेल्या खोलीतही खुर्चीची पट्टी दिसते.

मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘ते ठीकाय, पण फोटोत भारी दिसतंय ना?’ दिसतं, बॉस. अगदी खरंय.

आधी आले इराणी

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर गेले. ‘किल्ल्यावर’ म्हणताना डोंगर चढायची तयारी ठेवू नका. हा भुईकोट आहे, गावातून चालत जाता येतं. शहराच्या बाजूने खोल खंदक, दुहेरी तटबंदी, भक्कम बुरूज. आत उदागीर महाराजांची समाधी आहे, त्यांच्यावरूनच गावाचं नाव पडलं असं इथे सगळे सांगतात. बहमनी राज्य फुटल्यावर उदगीर, औसा, कंधार हे किल्ले बिदरच्या बरीदशाहीच्या पट्ट्यातले. १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजांनी उदगीर घेतलं, तेव्हा इथला किल्लेदार सिद्दी मिफ्ताह हा हबशी होता. म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या घराण्यातला माणूस, इराणी थाटाच्या महालात, मराठी-कानडी मुलखात! आपलं ‘फ्युजन’ वगैरे म्हणजे अगदीच पोरखेळ.

मग ३ फेब्रुवारी १७६०. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवलं. त्यात मराठ्यांकडून इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता, आणि त्या तोफखान्याची शिस्त फ्रेंचांची. त्याच उत्साहात फौज उत्तरेला गेली आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. गाईडबुकात हे सगळं सापडेल, मी थांबत नाही.

मी थांबले ते आतल्या पडक्या दालनांत. कमानी अजून उभ्या आहेत. भिंतीत ओळीने कमानदार कोनाडे आहेत, काहींच्या कडांना चुन्याच्या गिलाव्यातली नाजूक रेघ अजून दिसते. दख्खनच्या सगळ्या सुलतानी महालांत हे कोनाडे असतात. दिवा, अत्तरदाणी, सुरई, पुस्तक, जे काही असेल ते भिंतीच्या पोटात. आज इंटिरिअर डिझायनर ‘निश’ म्हणून ज्याचे स्क्वेअर फुटावर पैसे लावतो ते हेच. फरक एवढाच की तेव्हा भिंत तीन-चार फूट जाड होती, कोनाडा कोरायला पोट होतं. आपली चार इंची भिंत, त्यात निश करायचा म्हणजे पुढे खोटी भिंत उभी करायची आणि खोली सहा इंच लहान करून घ्यायची!

हे इराणी वळण इथे उगाच आलं नाही. बहमनी सुलतानांनी इराणातून माणसं बोलावली, पदं दिली, जमिनी दिल्या. दरबारात या परदेशी मंडळींचे आणि मूळच्या दख्खनी सरदारांचे चांगलेच खटके उडायचे. आपल्या ऑफिसात परदेशातून आलेला मॅनेजर आणि इथेच वाढलेली टीम यांच्यात असतात तसे, फक्त तेव्हा प्रमोशन हुकलं तर डोकंही जायचं. महमूद गावान, बहमनींचा सर्वात हुशार वजीर, कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलानचा. १४७२ मध्ये त्याने बिदरला इराणी थाटाची मदरसा बांधली, आणि १४८१ मध्ये खोट्या आरोपावरून त्याला ठार मारलं गेलं.

माणसं गेली, शब्द राहिले. जरा तुमच्या घरातून फिरून या. दरवाजा, पडदा, गालिचा, मेज फारसी. दालन, दिवाणखाना फारसी. खुर्ची अरबी. खिडकीचं तावदान फारसीतलं. कमान आणि महिरप तिकडचीच, महिरप म्हणजे मशिदीतला मेहराब. भिंतीवरचा गिलावा सुद्धा फारसी ‘गिल’ म्हणजे मातीतून आलेला. आणि लाकडी फळ्यांनी मढवलेल्या छताला जुनी माणसं काय म्हणतात? तक्तपोशी! इतका इंटरनॅशनल शब्द मावशीच्या सासूबाईंच्या तोंडी असायचा आणि त्या मात्र उदगीर-लातूरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. अहो, साइटवर सिमेंट वाहायचं घमेलंही पोर्तुगीजांचं आहे.

माळवदाखाली

आता वाड्याकडे येऊ. मराठवाड्यातलं जुनं घर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. बाहेर दगडमातीची जाडजूड भिंत, तिला खिडक्या जवळजवळ नाहीत. दारातून आत गेलं की ढाळज, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टेकायची जागा. मग चौक, चौकाभोवती ओसरी. लाकडी खांब दगडी उथळ्यांवर उभे. खांबांवर कोरलेले हस्त, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी किलचनं, आणि त्यावर दीड-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. हे माळवद. उजेडासाठी छतात एक भोक ठेवलेलं असतं, त्याला सवणं म्हणतात. दुपारी त्यातून उन्हाचा एक सरळ खांब खाली येतो आणि त्यात धूळ तरंगत असते. ‘स्कायलाइट’ शब्द मी तेव्हा तोंडाबाहेर काढला नाही, मावशीने हसून घेतलं असतं.

मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री असताना माळवदाखाली पंख्याशिवाय झोप लागते. नव्या स्लॅबखाली रात्री दोन वाजता भिंती तापलेल्या असतात.

या घराचं ‘ट्रिम’ कुठे होतं? दाराच्या चौकटीवर. मुख्य दारावरची गणेशपट्टी, मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना वेल. चौकटीच्या कडेने कमळं, दोरीसारखा पीळ, मण्यांची रांग. सुताराने पाया, भिंती, छत यांत काही कलाकुसर केली नाही. सगळा जीव ओतला तो आल्यागेल्याचा हात जिथे लागतो तिथे, म्हणजे दारात आणि खांबावर. मावशीच्या वाड्यातल्या खांबांचे मधले भाग हातांनी इतके गुळगुळीत झालेत की कोरीवकाम बोटांना लागतं पण डोळ्यांना दिसत नाही. पोरं त्या खांबांना धरून गरागरा फिरायची, त्यात मीही होते.

पण हे घरही काही ‘शुद्ध देशी’ नव्हतं बरं का. १९४८ पर्यंत उदगीर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यातही बिदर जिल्ह्यात. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते बिदरपासून तुटून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात आलं. १९८२ ला लातूर जिल्हा झाला, मग लातुरात. फॅशन यायची ती पुण्याकडून नव्हे, हैदराबादेहून. हैदराबादेत तेव्हा इटालियन संगमरवराचं वेड होतं. १८९० च्या दशकातला फलकनुमा महाल बघा, म्हणजे अंदाज येईल. ते वेड झिरपत झिरपत तालुक्याच्या गावातल्या सावकारापर्यंत आलं ते बिडाच्या नक्षीदार कठड्याच्या, दारावरच्या अर्धगोल रंगीत काचेच्या रूपात. मावशीकडे वरच्या खोलीच्या दारावर अजून तीन काचा शाबूत आहेत. लाल, हिरवी आणि एक जांभळी. चौथ्या जागी पुठ्ठा.

आणि वरच्या त्याच खोलीत मोझाईकची फरशी, काळ्या-पांढऱ्या चौकटींची. बाकी घरभर शहाबादी. मोझाईकची मुळं इटलीत, व्हेनिसच्या कारागिरांनी संगमरवराच्या उरलेल्या कपच्यांतून हा प्रकार काढला. भारतात सिमेंटच्या फरशा विलायतेहून यायच्या, तेव्हा १९२२ मध्ये मुंबईत सिधवा मंडळींनी ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ काढली. हेतू स्वदेशीचा, नक्षी युरोपातली! आज त्याच प्रकारच्या फरशा मुंबईच्या कॅफेंमध्ये ‘व्हिंटेज’ म्हणून झळकतात. मावसभाऊ मात्र त्या उखडून त्यावर चार बाय दोनच्या चकचकीत टाइल्स लावणार आहे. टाइल येणार गुजरातेतल्या मोरबीहून, तिच्यावरच्या रेषा इटलीच्या संगमरवराच्या, आणि त्या छापलेल्या. इटली दुसऱ्यांदा येतेय एवढंच.

३० सप्टेंबर

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल, अरे देवा, असा वाडा पाडताहेत? मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटत होतं. मी अगदी शहरी आवाजात मावशीला म्हटलं, ‘अगं, हे रिस्टोअर करता येईल, होमस्टे करता येईल.’

मावशी भाकरी थापत होती. तशीच म्हणाली, ‘किलचनातून रोज माती पडती डोक्यात. पावसाळ्याच्या आधी माळवदावर चढून माती कोण घालणार? आता माणूस मिळत न्हाई. तू ऱ्हाऊन बघ की आठ दिस, मंग सांग.’ आणि थोड्या वेळाने, तवा उतरवताना, ‘किल्लारीच्या टायमाला तू लहान होतीस.’

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चार वाजायला थोडा वेळ. गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपेत होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्या भूकंपात गेली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात सांगतात. मारलं ते धक्क्यापेक्षा घरांनी. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती उकलल्या आणि माळवदाची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या मातीने उन्हाळा सुसह्य केला तीच.

किल्लारी औसा तालुक्यात, उदगीरपासून बरंच लांब. तरीही धक्का इथे जाणवला होता. मावशी सांगते, पुढचे कित्येक महिने सगळं घर अंगणात झोपायचं. पाऊस आला की ताडपत्री, पण आत कुणी जायचं नाही. सासूबाई तर शेवटपर्यंत ओसरीच्या आत झोपल्या नाहीत. सगळ्या जिल्ह्याच्या मनातून माळवद त्या पहाटे उतरलं. त्यानंतर घर म्हणजे स्लॅब. हातात पैसा आला की पहिलं काम, माळवद उतरवणं. त्यामुळे उदगीरमध्ये कुणी काँक्रीटच्या छताकडे अभिमानाने बोट दाखवलं तर नाक मुरडू नका. त्या छताखाली त्याला झोप लागते.

एक गोष्ट मात्र इंजिनिअर मंडळींनी तेव्हा पाहून नोंदवली होती. काही घरांत दगडी भिंती ढासळल्या, पण आतला खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. लाकूड हललं, कुरकुरलं, पडलं नाही. म्हणजे दोष कोरीव खांबाचा नव्हता. भिंतीच्या बांधणीचा आणि डोक्यावरच्या वजनाचा होता. पण एवढा हिशेब करत बसायला भ्यालेल्या माणसाला सवड कुठे?

मग वाडे उतरले आणि लाकूड बाजारात आलं. सागवानी खांब, गणेशपट्ट्या, दारं. कुणी किलोवर दिली, कुणी नगावर. आता हे पुढे कुठे जातं ते तुम्हाला माहीतच आहे. मुंबईचा चोर बाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं, पुण्यातले गोदामवाले. दाराचं होतं कॉफी टेबल, वर काच टाकली की झालं. खांबाचा होतो लँप. तुळईचा होतो बेंच. आणि बाणेरच्या फ्लॅटमध्ये पाहुणे विचारतात, ‘सही आहे, राजस्थानी का?’ आपणही ‘हो’ म्हणतो, कारण दुकानदाराने तेच सांगितलेलं असतं.

म्हणजे बघा, उदगीरच्या हॉलमध्ये रोमन खांब आणि पुण्याच्या हॉलमध्ये उदगीरचा खांब. दोघेही एकमेकांचं टाकलेलं, चढ्या भावाने घेताहेत. मला यात कुणाचीच थट्टा करावीशी वाटत नाही. पण बाणेरवाल्याला एक नक्की म्हणेन, घेताय ना, तर निदान गाव विचारून घ्या.

शेजारच्या बिदरला

उदगीरला गेलात आणि बिदर पाहिलं नाही तर अर्धीच गोष्ट पाहिली. रेल्वेने वा गाडीने दोनेक तासांचा रस्ता. गावानची मदरसा आधी बघा. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात निम्मी उडाली, पण उरलेल्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगीत टाइल्सचे तुकडे अजून आहेत. साडेपाचशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन! बाथरूमची टाइल दहा वर्षांत उपटून टाकणाऱ्या आपल्या पिढीने समोर दोन मिनिटं उभं राहावं.

मग किल्ल्यातला रंगीन महाल. बऱ्याचदा कुलूप असतं, पुरातत्त्व खात्याच्या माणसाला नीट विनंती करावी लागते. सोळाव्या शतकात अली बरीदशहाने तो नव्याने सजवला. आत कोरीव लाकडी खांब, भिंतीला रंगीत टाइल्स आणि दाराभोवती काळ्याभोर दगडात बसवलेला शिंपला. चमचमणारी फारसी अक्षरं आणि वेली. टाइल इराणी, लाकडी खांबांचं वळण थेट आपल्या वाड्यातलं. मी बराच वेळ त्या खांबांचे हस्त बघत राहिले. सुतार इथलाच असणार, त्याने राजासाठीही तेच केलं जे गावच्या पाटलासाठी केलं असतं, फक्त लाकूड चांगलं मिळालं. आणि नक्षी कुठे आहे बघा. पुन्हा दाराभोवती. सगळ्या भिंती भरून टाकलेल्या नाहीत.

गावात बिदरीचे कारखाने आहेत, घराघरांतून. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओततात, घासतात, त्यावर हाताने नक्षी खोदतात आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी गरम करून नवसागर मिसळलेल्या मातीने चोळलं की धातू काळा कुळकुळीत होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. ही माती बिदरच्या जुन्या किल्ल्यातलीच लागते, कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. हुक्का आणि फुलदाणी तुम्हाला नकोच असेल, पण दारावरची नावाची पाटी किंवा ड्रॉवरची मूठ सांगून करून घेता येते का ते विचारा. हात लागतो तिथे नक्षी, हा सुताराचा जुना नियम फ्लॅटमध्ये पाळायचा याहून सोपा मार्ग मला सुचत नाही.

मग मावशीचं काय ठरलं?

तिसऱ्या दिवशी काका, मावशी, मावसभाऊ, होणारी सून फोनवर, सुतार आणि मी अशी मीटिंग झाली. तुमच्या क्लायंट कॉलपेक्षा जोरात.

पीओपीचं आधी मिटलं. स्लॅबची उंची साडेनऊ फूट. त्यात आठ-दहा इंच फॉल्स सीलिंग खाली उतरलं आणि पंखा लटकला, की उंच माणसाने हात वर करायची सोय नाही. जाड कंगोरे बारा फुटी खोलीत शोभतात, साडेनऊ फुटांत खोली टोपी घातल्यासारखी दिसते. हे तुमच्या फ्लॅटलाही लागू आहे, तिथे तर उंची याहून कमीच असते. भिंत-छताच्या सांध्यावर तीन इंचांची साधी पट्टी पुरे. दुसरं, कोरीव पानाफुलांत धूळ बसते. हा काळ्या मातीचा मुलूख, उन्हाळ्यात वावटळ आली की घरभर माती. ती पानापानांतून काढणार कोण? मावशीच. तिने एकाच वाक्यात तो रोमन खांब पाडला.

चकचकीत पांढऱ्या टाइल्सवर मात्र बराच वाद झाला. मी पाण्याचा मुद्दा काढला. पांढरी फरशी दिवसातून दोनदा पुसावी लागते, आणि याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. शहाबादीवर डाग दिसत नाही, पाय भाजत नाहीत. मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, शहाबादी म्हणजे गरिबी वाटती गं. लहानपणापास्नं तेच बघितलंय.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर ते मी द्यायचंही नव्हतं. घर त्याचं आहे. टाइल्स येणार, पण पांढऱ्याऐवजी मातकट रंगाच्या, एवढी तडजोड होणाऱ्या सुनेने फोनवरून केली. पोरगी हुशार आहे.

लाकडाचा व्यापारी काकांनी आधीच बोलावलेला होता. खांब आठ, दारं तीन, गणेशपट्टी एक. त्याने भाव सांगितला तेव्हा काका मान खाली घालून जमिनीकडे बघत राहिले. सून म्हणाली, खांब ठेवा. कुठे? तर नव्या घराच्या पुढच्या पडवीत, चार. स्लॅबचं वजन काँक्रीटवर, हे नुसते उभे. मी मनात म्हटलं, म्हणजे हेही पीओपीच्या खांबासारखे बिनकामाचेच की! पण पोरं त्यांना धरून फिरतील. तेवढं काम पुरे आहे. उरलेले चार आणि दोन दारं गेली. त्या पैशांत बाथरूम झालं, आणि मावशीला गुडघ्यांमुळे ते बाकी सगळ्यापेक्षा जास्त हवं होतं.

गणेशपट्टीपाशी गाडी अडली. पट्टी चार फुटांची, नवीन दार साडेतीनचं. सुतार म्हणाला, ‘मालक, दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच कापतो, वेल थोडी जाईल, गणपतीला धक्का न्हाई.’ काका लगेच तयार झाले. मावशी उठली, टेप हातात घेतला, एकदा पट्टी मोजली, एकदा नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘दार मोठं करा.’

मी निघाले तेव्हा मावसभाऊ इंजिनिअरला फोन करून चौकटीचं माप बदलून घेत होता.

कसं जाल?

मुंबईहून लातूरमार्गे बिदरला जाणारी एक्स्प्रेस आठवड्यातले काही दिवस उदगीरला थांबते, बाकी दिवस लातूरपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. पुण्याहून रात्रीच्या बस आहेत. हैदराबादेत नोकरी करत असाल तर बिदरमार्गे येणं सोपं, आणि बिदर वाटेतच होतं. उन्हाळा टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. किल्ल्यात सकाळी लवकर जा, बरोबर टॉर्च आणि पाणी ठेवा, आतल्या काही वाटा अंधाऱ्या आहेत. जुन्या गावात, चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालत फिरा आणि नजर दारांच्या वरच्या पट्टीवर ठेवा. फोटो काढण्याआधी घरातल्यांना विचारा. बहुतेक वेळा ‘या की, बसा, चहा घ्या’ म्हणतील, आणि आतून कुणीतरी हळूच विचारेल, ‘घेता का दार?’